आयर्लंडची २२ मे

वर्तमानपत्रातील ‘दिनविशेष’ हे सदर मी जुन्या सवयीने आजही आधी वाचते, आणि तरीही त्या सदराविषयी माझ्या मनात थोडा अविश्वास कायम आहे. एखाद्या शास्त्रज्ञाचा जन्म, कुठल्याशा तहावरील सह्या, एका नटाचे निधन आणि पहिल्या आगगाडीचा प्रवास अशा गोष्टी तेथे एकाखाली एक छापलेल्या असतात, आणि त्यांना जोडणारी बाब एवढीच असते की त्या घडल्या तेव्हा पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर साधारण एकाच ठिकाणी होती. त्यातून अर्थ काढू पाहणारा माणूस इतिहास सोडून भविष्य सांगू लागतो, असे माझे मत होते आणि बव्हंशी आजही आहे. आयर्लंडचा इतिहास वाचताना मात्र २२ मे या तारखेपाशी मी थांबले. या तारखेवर काही मृत्यू आहेत, एक खून आहे आणि दोन मतदाने आहेत. मृत्यूंच्या तारखा कोणी ठरवीत नाही; परंतु १९९८ मधील शांतता करारावरच्या आणि २०१५ मधील समलिंगी विवाहावरच्या सार्वमतांचा दिवस सरकारांनी विचारपूर्वक ठरवला होता, आणि पहिल्या मतदानाने मान्य केलेल्या व्यवस्थेतील एक तरतूद पुढे दुसऱ्या मतदानाच्या आशयाला बेटाच्या, ब्रिटनकडे राहिलेल्या, उत्तर भागात अडवून बसली. तारखेचा योगायोग योगायोग म्हणूनच सोडून दिला, तरी या दोन शुक्रवारांमधला झगडा खरा आहे, आणि मला लिहायचे आहे ते त्याविषयी.

आयर्लंड हा स्मरणदिनांच्या बाबतीत अत्यंत हळवा देश आहे. शिवजयंती तिथीने साजरी करावी की तारखेने, हा वाद आपण अनुभवला असल्यामुळे पुढील गोष्ट मराठी वाचकाला चटकन कळेल. डब्लिनमधील ब्रिटिश सत्तेविरुद्धचा १९१६ चा उठाव ईस्टरनंतरच्या सोमवारी, २४ एप्रिलला सुरू झाला. पण आयरिश राज्य त्याची आठवण पाळते ती ईस्टरला, म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर अवलंबून असलेल्या, दरवर्षी सरकणाऱ्या दिवशी. उठावाची शताब्दी २०१६ साली २७ मार्चला सरकारी इतमामाने साजरी झाली, कारण त्या वर्षीचा ईस्टर त्या दिवशी होता. उत्तरेतील प्रोटेस्टंट समाज बॉइन नदीकाठच्या १६९० च्या लढाईची आठवण १२ जुलैला मिरवणुका काढून जागवतो. ती लढाई जुन्या कालगणनेप्रमाणे १ जुलैला आणि नव्या कालगणनेप्रमाणे ११ जुलैला झाली होती, ही गोष्ट त्या मिरवणुकीतील ढोलांच्या आवाजात कोणी कोणाला सांगत नाही. थोडक्यात, त्या बेटावर एक समाज चंद्राच्या हिशेबाने स्मरण करतो आणि दुसरा सूर्याच्या, शिवाय एक दिवस चुकलेल्या हिशेबाने. या गर्दीत २२ मे हा दिवस मोकळा राहिला आहे. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते आणि मोठी मिरवणूकही निघत नाही. मला तो आवडतो, त्याचे हेही एक कारण आहे.

या तारखेवरील सर्वांत जुनी नोंद, जिच्याकडे माझे लक्ष गेले, ती १८४९ ची. लाँगफर्ड परगण्यातील एजवर्थस्टाउन येथे त्या दिवशी मरिया एजवर्थ ही लेखिका वयाच्या ८१ व्या वर्षी वारली. १८०० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या कादंबरीत एका जमीनदार घराण्याच्या चार वारसांनी इस्टेट कशी धुळीला मिळवली, हे त्यांच्याच घरच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या तोंडून, त्याच्या भोळ्या वाटणाऱ्या आणि मुळीच भोळ्या नसलेल्या बोलीत सांगितले आहे. ती स्वतः जमीनदार कुटुंबातील होती आणि वडिलांच्या इस्टेटीच्या कारभारात वाकबगार होती. १८३४ साली तिने हिंदुस्थानात नोकरीवर असलेल्या आपल्या सावत्र भावाला, वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल पॅकनहॅम एजवर्थ याला, पत्रातून कळवले की आयर्लंड आज जसे आहे तसे कादंबरीत उभे करणे अशक्य झाले आहे, कारण तेथील वास्तव फार तीव्र आणि पक्षभावना फार हिंसक आहेत. त्यानंतर अकरा वर्षांनी बटाट्यावर रोग पडला. दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली; उतारवयातील मरिया आपल्या गावातील लोकांसाठी जगभरच्या ओळखीच्या माणसांकडे धान्य मागत राहिली, आणि बॉस्टनहून तिच्या नावे मदत आलीही. दुष्काळ पुरता सरण्यापूर्वीच ती गेली. तिच्या हयातीत आयर्लंडमध्ये मत द्यायचे म्हणजे जमीनदाराच्या माणसांसमोर उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारायचे, अशी पद्धत होती. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ साली आला. पुढे ज्या मतपेट्यांविषयी मी लिहिणार आहे, त्यांचा इतिहास इतका अलीकडचा आहे.

याच तारखेला, १९३२ साली, गॉलवे परगण्यातील कूल पार्क येथे लेडी ऑगस्टा ग्रेगरी वयाच्या ८० व्या वर्षी निवर्तली. तिच्या आणि मरियाच्या मध्ये दुष्काळाचा एक कडू धागा आहे. ऑगस्टाचा पती सर विल्यम ग्रेगरी तरुणपणी ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य असताना, १८४७ साली, त्याने गरिबांच्या मदतीच्या कायद्यात एक कलम घालून घेतले. पाव एकराहून, म्हणजे आपल्या हिशेबाने १० गुंठ्यांहून, जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही, असे ते कलम होते. परिणाम सरळ होता. कुळाने उपाशी राहावे किंवा जमीन सोडून बायकामुलांसह रस्त्यावर यावे. पुढे हाच गृहस्थ सिलोनचा गव्हर्नर झाला, विधुर झाला आणि १८८० मध्ये त्याने आपल्याहून पस्तीस वर्षांनी लहान असलेल्या ऑगस्टाशी लग्न केले. तिने वैधव्यात आयरिश भाषा शिकून घेतली, आसपासच्या झोपड्यांत जाऊन कथा आणि गाणी गोळा केली आणि डब्ल्यू. बी. येट्स व इतर सहकाऱ्यांबरोबर ज्या नाट्यचळवळीचा पाया घातला, तिच्यातून डिसेंबर १९०४ मध्ये डब्लिनचे ॲबी थिएटर उभे राहिले. नवऱ्याच्या कलमाने ज्यांच्या झोपड्या ओस पडल्या, त्यांच्याच नातवंडांच्या तोंडच्या कथा ही बाई टिपत होती. हे प्रायश्चित्त होते असे म्हणण्याचा मोह होतो, पण तिने तसा दावा केल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि आपण तो तिच्या वतीने करू नये.

ॲबी थिएटरविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण पुढे ते पुन्हा लागणार आहे. जानेवारी १९०७ मध्ये जॉन मिलिंग्टन सिंग याच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला बायकांच्या आतल्या कपड्याचा उल्लेख होताच प्रेक्षकांनी गोंधळ घातला, आणि लेडी ग्रेगरीने स्कॉटलंडमध्ये असलेल्या येट्सला तारेने ते कळवले. तिला स्वतःला ते नाटक फारसे आवडत नव्हते, तरीही प्रयोग चालूच राहिले पाहिजेत यावर ती ठाम राहिली. दोन वर्षांनी बर्नार्ड शॉच्या एका नाटकावर इंग्लंडमध्ये बंदी असताना ते ॲबीने करायचे ठरवले, तेव्हा ब्रिटिश सत्तेचे ठाणे असलेल्या डब्लिन कॅसलमधून नाट्यगृहाचा परवाना रद्द करण्याच्या धमक्या आल्या. लेडी ग्रेगरी त्या कॅसलमध्ये जाऊन अधिकाऱ्यांशी भांडली, आणि ऑगस्ट १९०९ मध्ये नाटक झाले. काळ्या पोशाखातील ही विधवा जमीनदारीण आडदांड प्रेक्षक आणि व्हाइसरॉय या दोघांनाही पुरून उरली.

१९७२ साली याच दिवशी आयर्लंडमध्ये जन्मलेला इंग्लंडचा राजकवी सेसिल डे-लुइस वारला, एवढी नोंद करून मी खुनाकडे वळते.

२२ मे १९२२, सोमवार. बेटाची फाळणी होऊन जेमतेम वर्ष झाले होते, आणि बेल्फास्टमध्ये रोज कुणाचे ना कुणाचे प्रेत उचलले जात होते. १९२० ते १९२२ या काळात त्या एका शहरात साडेचारशेहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांतील बहुसंख्य कॅथलिक होती. विल्यम ट्वॅडेल हा व्यवसायाने कापड-दुकानदार, बेल्फास्टचा नगरसेवक आणि उत्तर आयर्लंडच्या नव्या पार्लमेंटमधील युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी असलेला संबंध टिकवू पाहणाऱ्या पक्षाचा, सदस्य होता. सकाळी दुकानाकडे चालत जात असताना गारफील्ड स्ट्रीटवर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. सरकारला पुढचे पाऊल टाकायला कारण हवे होते की नव्हते यावर वाद घालता येईल. पाऊल मात्र लगेच पडले. महिनाभरापूर्वीच मंजूर झालेल्या विशेषाधिकार कायद्याखाली, खटला न चालवता, लोकांना डांबण्यास सुरुवात झाली, आणि पुढील महिन्यांत शेकडो लोक तुरुंगांत आणि ‘अर्जेंटा’ नावाच्या जहाजावर कोंडले गेले. पकडलेले जवळजवळ सगळे राष्ट्रवादी, म्हणजे अखंड आयर्लंड हवे असलेले, आणि कॅथलिक होते, जरी त्या वसंतातील बहुसंख्य बळी त्याच समाजाचे होते.

तो विशेषाधिकार कायदा तात्पुरता म्हणून आला आणि १९७३ पर्यंत राहिला. त्याच्याच आधारे ऑगस्ट १९७१ मध्ये पुन्हा विनाखटला कैद सुरू झाली. त्या कैदेविरुद्ध डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या, आणि मग उरलीसुरली शांतता गेली ती पंचवीस वर्षांसाठी. एका दुकानदाराच्या खुनापासून या साऱ्याची सरळ रेषा काढणे योग्य नव्हे, कारण कायदा त्याच्या आधीच तयार होता. परंतु त्या रेषेवरचा तो एक ठळक बिंदू आहे. उत्तर बेल्फास्टमधील ट्वॅडेल अव्हेन्यू या रस्त्याला त्याचेच नाव आहे, आणि २०१३ ते २०१६ या काळात तेथेच मिरवणूक अडवल्याच्या रागातून युनियनिस्टांनी निषेधाची छावणी टाकली होती. त्या शहरात रस्त्याचे नावसुद्धा निवृत्त होत नाही.

ट्वॅडेलच्या खुनानंतर ७६ वर्षांनी, २२ मे १९९८ रोजी, त्याच रस्त्यावरची माणसे मतदानाला गेली. सहा आठवड्यांपूर्वी, १० एप्रिलला, अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली चाललेल्या दीर्घ वाटाघाटी संपून जो करार झाला, त्याला त्या दिवसावरून ‘गुड फ्रायडे करार’ हे नाव पडले, म्हणजे तोही तिथीच्याच नावाने ओळखला जातो. करार झाला खरा, पण तो लोकांनी स्वीकारायला हवा होता, आणि तोही सीमेच्या दोन्ही बाजूंनी, एकाच दिवशी. डिसेंबर १९१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर संपूर्ण बेटाने एकाच दिवशी, एकाच प्रश्नाच्या संदर्भात मत देण्याची ही पहिलीच वेळ होती. म्हणूनच ही तारीख ठरवलेली होती असे मी म्हणते: एकाच दिवशी मत घेतल्याखेरीज बेटाने हे मान्य केले आहे, असे कोणालाच म्हणता आले नसते.

त्या सहा आठवड्यांत काय काय झाले हे वाचताना आजही धाकधूक होते. कराराची प्रत उत्तरेतील प्रत्येक घरी पोहोचवली गेली होती. करारातील सर्वांत जड घास होता तो दहशतवादी गुन्ह्यांतील कैद्यांना दोन वर्षांत सोडण्याचा. मे महिन्यात लंडनमधील हल्ल्यांबद्दल शिक्षा भोगणारे चार जण तात्पुरत्या रजेवर शिन फेन या राष्ट्रवादी पक्षाच्या अधिवेशनात आले आणि त्यांचे टाळ्यांच्या गजरात स्वागत झाले. पाठोपाठ बेल्फास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये, दफनविधीला जमलेल्या लोकांवर हल्ला करणाऱ्या मायकेल स्टोनचे ब्रिटननिष्ठ गटांच्या सभेत तसेच स्वागत झाले. ज्यांची माणसे मारली गेली होती त्यांनी हे दूरदर्शनवर पाहिले. ‘हो’ म्हणण्याच्या बेतात असलेले कितीतरी प्रोटेस्टंट मतदार मागे सरले. मग १९ मे रोजी बेल्फास्टच्या वॉटरफ्रंट हॉलमध्ये यू-टू आणि ॲश या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमात युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल आणि राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम यांचे हात गायक बोनोने वर उचलले, आणि दुसऱ्या दिवशी टोनी ब्लेअर यांनी मतदारांना द्यायची आश्वासने स्वहस्ते फलकावर लिहिली. राजकारणातले असे देखावे मला सहसा खपत नाहीत. या देखाव्याबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही, कारण त्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचे देखावे फार प्रभावी होते.

उत्तरेत ८१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले आणि ७१.१ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. त्यात कॅथलिक समाजाचा कौल भरघोस होता; प्रोटेस्टंट समाजाचा अटीतटीचा. दक्षिणेत ९४.४ टक्के ‘हो’ म्हणाले, आणि या आकड्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. दक्षिणेतील प्रश्न घटनादुरुस्तीचा होता. १९३७ च्या राज्यघटनेतील दुसऱ्या कलमात संपूर्ण बेट हाच राष्ट्राचा प्रदेश असल्याचे म्हटले होते. दुरुस्तीनंतर तेथे जमिनीऐवजी माणसे आली: बेटावर जन्मलेल्या प्रत्येकाला आयरिश राष्ट्राचा घटक असण्याचा हक्क आहे, आणि एकीकरण होईल ते दोन्ही प्रदेशांतील बहुसंख्य लोकांच्या संमतीने. नकाशावरचा दावा एखादा देश युद्ध हरल्यावर सोडतो, क्वचित पैसे घेऊन सोडतो. पण हरलेला नसताना, पैशाचा प्रश्न नसताना, लोकांनी स्वतः मत देऊन तो सोडल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील. दक्षिणेत निम्म्याहून थोडेच अधिक मतदार बाहेर पडले, हेही सांगितले पाहिजे. आणि त्याच मतदान केंद्रावर त्यांच्या हाती युरोपीय संघाच्या ॲम्स्टरडॅम कराराची दुसरी मतपत्रिकाही होती, जिच्यावर ‘हो’ म्हणणारे ६२ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे लोक डोळे मिटून फुली मारत नव्हते.

रक्तपात त्या दिवशी थांबला नाही. १५ ऑगस्टला कराराला विरोध असलेल्या एका गटाने ओमा गावात स्फोट घडवला आणि २९ माणसे मेली. तीन दशकांच्या त्या संघर्षातील एकट्या घटनेत उत्तर आयर्लंडमध्ये गेलेले हे सर्वाधिक बळी होते. पण त्या गटाला लोकांच्या नावाने बोलता येणे बंद झाले होते. तीन महिन्यांपूर्वीच लोक स्वतः बोलले होते.

आता दुसरा शुक्रवार. २२ मे २०१५ रोजी आयरिश मतदारांपुढे प्रश्न होता की दोन व्यक्तींना, त्यांचे लिंग कोणते याचा भेद न करता, विवाह करता येईल असे वाक्य राज्यघटनेत घालावे की नाही. या प्रश्नाला कायद्याची जुनी पार्श्वभूमी होती. ज्या साम्राज्याने १८६० साली भारतीय दंडविधानात ३७७ वे कलम घातले, त्याच साम्राज्याचा १८६१ चा कायदा आयर्लंडमध्ये स्वातंत्र्यानंतरही राहिला आणि पुरुषांमधील समलिंगी संबंध तेथे १९९३ पर्यंत गुन्हा होते. इंग्रजी साहित्याचे अध्यापक आणि सिनेटर डेव्हिड नॉरिस यांनी देशातील न्यायालयांत हरल्यावर युरोपीय मानवाधिकार न्यायालयात १९८८ मध्ये हा खटला जिंकला. पुढे देशाच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन त्यात त्यांच्या वकील होत्या. गंमत अशी की उत्तर आयर्लंडमध्ये, इयन पेस्ली यांच्या आक्रमक धार्मिक मोहिमेला न जुमानता, हाच गुन्हा अकरा वर्षे आधी, १९८२ मध्ये रद्द झाला होता. उत्तर पुढे आणि दक्षिण मागे, अशी ती स्थिती होती. ती पुढे नेमकी उलटली.

मराठी वाचकाला या कहाणीत एक ओळखीचे नाव भेटते. लिओ वराडकर त्या वेळी आयर्लंडचे आरोग्यमंत्री होते. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईहून इंग्लंडला गेले, आई मिरियम वॉटरफर्ड परगण्यातील परिचारिका, आणि कुळाचे गाव सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातले वराड. १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, आकाशवाणीवरील मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगितले. पदावर असताना असे सांगणारे ते तेथील पहिले मंत्री. ते म्हणाले की ही गोष्ट गुप्त नाही, मात्र त्यांनी तोवर ती जाहीरपणे बोलली नव्हती. सार्वमताला चार महिने उरले होते. १४ जून २०१७ रोजी ते पंतप्रधान झाले तेव्हा, आणि २०१९ च्या डिसेंबरअखेरीस त्यांनी वराडला भेट दिली तेव्हा, आपल्याकडे त्यांच्या कोकणी मुळाचे भरपूर कौतुक झाले. ते स्वाभाविकच होते. पण ज्या जानेवारीत ते त्या मुलाखतीत बोलले, त्या वेळी वडिलांच्या देशात ३७७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने पुन्हा लागू झालेले होते आणि ते २०१८ पर्यंत राहिले, याचा उल्लेख त्या कौतुकात क्वचितच दिसला.

प्रचारात मात्र मंत्र्यांपेक्षा एका रंगमंचाने अधिक काम केले, असे मला वाटते. जानेवारी २०१४ मध्ये रोरी ओनील या कलावंताने, जो स्त्रीवेषात ‘पँटी ब्लिस’ म्हणून ओळखला जातो, दूरदर्शनवर काही स्तंभलेखकांना समलिंगीद्वेष्टे म्हटले. त्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि सरकारी वाहिनीने ८५,००० युरो देऊन प्रकरण मिटवले. १ फेब्रुवारीला, एका नाटकाचा प्रयोग संपल्यावर, पँटी ॲबी थिएटरच्या रंगमंचावर आली आणि सुमारे दहा मिनिटे बोलली. रस्ता ओलांडायला उभे असताना कोणीतरी जाणाऱ्या गाडीतून शिवी हासडून दुधाचे खोके फेकावे, आणि आपण मात्र नंतर स्वतःलाच तपासत राहावे की आपल्या उभे राहण्यात असे काय होते, हे तिने सांगितले. भाषण जगभर ऐकले गेले. १९०७ साली एका कपड्याच्या नावावरून ज्या नाट्यगृहात गोंधळ झाला होता, त्याच संस्थेत, कपडेच ज्याची ओळख आहे असा पुरुष उभा राहून शांतपणे बोलत होता आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. लेडी ग्रेगरीला हे आवडले असते का, मला सांगता येणार नाही. प्रयोग थांबवू द्यायचा नाही, एवढे तिने नक्की बजावले असते.

मतदानाच्या आदल्या दिवसांत विमानतळांवर आणि वेल्समधील होलीहेड बंदराहून येणाऱ्या बोटींवर जे दृश्य दिसले, त्याने त्या देशातील अनेक वयस्कर माणसांना रडवले. परदेशी गेलेल्या बहुतेक आयरिश नागरिकांना टपालाने मत देता येत नाही. मत द्यायचे तर घरी यावे लागते. २००८ च्या मंदीनंतर नोकरीसाठी बाहेर पडलेली तरुण पिढी लंडनहून आणि त्याहून कितीतरी दूरच्या शहरांतून केवळ एक फुली मारण्यासाठी परतली. दुष्काळापासून माणसे बाहेर पाठवण्याचीच सवय झालेल्या देशाने, मुले मतासाठी परत येतात, हे प्रथमच पाहिले.

२३ मे रोजी निकाल जाहीर झाला तो डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे ज्या वास्तूत लेडी ग्रेगरी परवान्यासाठी भांडायला गेली होती आणि जी १९२२ च्या जानेवारीत नव्या सरकारच्या ताब्यात आली, तिच्याच अंगणात हजारो लोक जमले होते. ६२ टक्के ‘हो’, ३८ टक्के ‘नाही’. ४३ मतदारसंघांपैकी फक्त रॉसकॉमन–साउथ लीट्रिम या एका मतदारसंघाने, तेही थोडक्यात, नकार दिला. समलिंगी विवाहाला थेट लोकमताने मान्यता देणारा आयर्लंड हा पहिला देश ठरला. डब्लिनचे आर्चबिशप डिअर्मिड मार्टिन यांनी चर्चने आता वस्तुस्थिती तपासून पाहायला हवी असे म्हटले, आणि हे वाक्य जितके सभ्य तितकेच खचलेले होते. त्याच दिवशी आणखी एक घटनादुरुस्ती मतास होती: राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे किमान वय ३५ वरून २१ करावे की नाही. ती ७३ टक्क्यांनी फेटाळली गेली. ज्या तरुणांनी विवाहाच्या प्रश्नावर देश हलवला, त्यांतील कितीतरी जणांनी आपल्याच वयाच्या राष्ट्राध्यक्षाला नकार दिला असला पाहिजे, आणि मला हा त्या दिवसाचा सर्वांत मिश्कील निकाल वाटतो.

परंतु कॅसलच्या अंगणातील तो आनंद शंभर मैलांवर जाऊन थबकला. १९९८ च्या करारानुसार उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत प्रत्येक सदस्य स्वतःची नोंद युनियनिस्ट, राष्ट्रवादी किंवा इतर अशी करतो, आणि तेव्हाच्या १०८ पैकी ३० सदस्यांनी ‘पिटिशन ऑफ कन्सर्न’ नावाचा अर्ज दिला की तो विषय साध्या बहुमताने मंजूर होत नसे. दोन्ही समाजांतील पुरेसा पाठिंबा लागे. ही तरतूद का आली हे समजण्यासारखे आहे. १९२१ ते १९७२ अशी पन्नास वर्षे तेथे एकाच पक्षाचे बहुमत होते आणि त्या बहुमताने विशेषाधिकार कायद्यासारख्या गोष्टी दुसऱ्या समाजावर लादल्या होत्या. नुसत्या बहुमतावर पुन्हा विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. २ नोव्हेंबर २०१५ रोजी समलिंगी विवाहाचा ठराव त्या विधानसभेत पाचव्यांदा आला आणि प्रथमच, ५३ विरुद्ध ५२ अशा मतांनी, त्याला बहुमत मिळाले. तेव्हा ३८ सदस्य असलेल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने अर्ज पुढे केला आणि ठराव पडला.

मला हे प्रकरण वारंवार विचारात पाडते, कारण येथे कोणी नियम मोडला नाही. एका समाजाला दुसऱ्याच्या बहुमतापासून वाचवण्यासाठी जी ढाल बनवली होती, ती दोन्ही समाजांत विखुरलेल्या, कोणत्याच रकान्यात न बसणाऱ्या माणसांविरुद्ध वापरली गेली. पहिल्या २२ मे ने माणसे दोनच प्रकारची आहेत असे गृहीत धरले, आणि १९९८ साली ते गृहीत धरल्याशिवाय गोळीबार थांबला नसता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून ती तरतूद मूर्खपणाची होती असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण बेल्फास्टमधल्या एखाद्या जोडप्याला, तुम्ही शांततेसाठी थोडे थांबा, असे सांगण्याचा अधिकारही मला कोणी दिलेला नाही.

पुढची गुंतागुंत सुटली ती निराळ्याच वाटेने. मार्च २०१७ च्या निवडणुकीत त्या पक्षाच्या जागा २८ वर आल्या, म्हणजे एकट्याच्या बळावर असा अर्ज देण्याइतके सदस्यच त्याच्याकडे उरले नाहीत. परंतु विधानसभाही त्याच वर्षीच्या जानेवारीपासून बंद पडलेली होती. जुलै २०१९ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटने कायदा केला की २१ ऑक्टोबरपर्यंत उत्तरेतील सरकार पुन्हा उभे राहिले नाही तर समलिंगी विवाह तेथे कायदेशीर करावा लागेल. ते उभे राहिले नाही. विधानसभा भरली ती ११ जानेवारी २०२० रोजी, आणि विवाहाचा कायदा अमलात आला १३ जानेवारीला. उत्तरेतील लोकांना या प्रश्नावर मत देण्याची संधी कधी मिळालीच नाही. दक्षिणेत जे मतपेटीतून आले ते उत्तरेत लंडनहून आले, आणि त्याबद्दल समाधान मानणाऱ्यांत असे राष्ट्रवादीही होते, ज्यांनी एरवी लंडनहून आलेली कोणतीही गोष्ट दारात उभी केली नसती. २०२२ साली कायदा दुरुस्त झाला, आणि आता त्या अर्जावर किमान दोन पक्षांच्या सदस्यांच्या सह्या असाव्या लागतात.